आवाज बंद करून पाहिलेला भाग

“मग माझी मिश्रीची डबी काय पाय फुटून पिठात गेली?”

सोजराबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठानं माखले होते आणि उजव्या हातात ती पत्र्याची डबी होती. भाकरीसाठी पीठ काढायला डब्यात हात घातला आणि हाताला ती लागली, यावरून अर्धा तास झाला तरी त्या थांबल्या नव्हत्या.

“आई, असं मी कुठं म्हणतेय?” प्रियदर्शिनी म्हणाली.

“म्हणत न्हाईस, दाखवतीस. सगळ्या जगाला दाखवतीस. म्हातारीला येडं ठरवायचं असंल तर आधी तिच्या वस्तू हलवायच्या, असं तूच बोललीस न्हवं त्या मोबाइलात? खालच्या हिनानं ऐकवलं मला. दोनदा ऐकवलं.”

“ते मालिकेतल्या म्हातारीबद्दल होतं.”

“मालिकेतल्या म्हातारीची डबी न्हाई हरवली. माझी हरवली.”

“आई, पुरे आता,” सुजित आतून टॉवेलनं डोकं पुसत आला. तो पहिल्या पाळीहून नुकताच परतला होता आणि आंघोळीशिवाय तो कुणाशी भांडत नसे. “रविवारी भाग्येश येतोय गाडी घेऊन. कराडला जा, राहा दोन-तीन महिने. हवापालट होईल.”

“इथली हवा वाईट हाय हे तुला चाळीस वर्षांनी कळलं व्हय रं?”

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीच्या अंगाला राहणाऱ्या कुटुंबात या प्रश्नाला उत्तर नसतं. सुजित टॉवेल घेऊन गॅलरीत गेला. सोजराबाईंनी डबी पदराला पुसली, कंबरेला खोचली आणि सुनेकडे न बघता परातीत पाणी ओतलं. त्या दिवशीच्या भाकऱ्या जाड झाल्या.

प्रियदर्शिनी सत्तेचाळीस वर्षांची, फलटणकडची. लग्न होऊन बोईसरला आली तेव्हा सासरे भगवंतराव नाक्यापलीकडच्या एका कंपनीत फिटर होते, आणि घर दोन खोल्यांचं होतं. आता दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. भगवंतराव नाहीत. मुलगी कीर्ती पालघरच्या कॉलेजात शिकते. बाकी या बाईत काही बदललं नाही. ती तेव्हाही संशयी होती, आताही आहे. दुधाची पिशवी ती नाकाला लावल्याशिवाय फोडत नाही. जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरहून मासे घेऊन येणारी जमना पाटी उतरवते तेव्हा प्रियदर्शिनी पापलेटचा कल्ला उचलून बघते, मग दुसऱ्याचा बघते, मग पुन्हा पहिल्याचा. “बाय, मासा काय मधल्या येळंत म्हातारा झाला का गो?” असं जमना दर खेपेला विचारते.

हा स्वभाव आयुष्यभर तिच्या अंगाशी आला होता. शेजारणींशी बिनसलं, नणंदेशी बिनसलं. मग तीन वर्षांपूर्वी कीर्तीला इंटरनेटवर ‘पाठीमागे कोण’ सापडली आणि या स्वभावाला पहिल्यांदाच काम मिळालं.

‘पाठीमागे कोण’ ही नव्वदच्या दशकातली भयमालिका. दर आठवड्याला वेगळी गोष्ट, वेगळी माणसं, फक्त सुरुवातीचं करकरणारं दार तेच. प्रियदर्शिनी ती फलटणला शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघायची. तिचा धाकटा भाऊ भीतीनं रडायला लागला की शेजारचे काका उठून आवाज बंद करायचे. आवाज गेला की भीती जायची. उरायची फक्त माणसं. कुणीतरी दार उघडतंय, कुणीतरी कुणाच्या तरी पाठीमागून चालतंय, आणि आश्चर्य म्हणजे भूत दिसायच्या आधी कुणाचा तरी हात कुठंतरी असायचा. ती पंधरा वर्षांची असताना तिला हे कळलं होतं आणि सांगायला कुणी नव्हतं.

आता होतं. तिच्या यूट्यूब वाहिनीचं नाव ‘भूत की भानगड’. ती एकेका भागाचं परीक्षण करते. भाग दोनदा बघते, पहिल्यांदा आवाजासकट, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून, बोलते. सुरुवात ठरलेली: “मैत्रिणींनो, आवाज बंद करा. तोंडं बघू नका, हात बघा.” भूत खरं आहे असं दिग्दर्शकाचं म्हणणं असतं. तिचं म्हणणं असतं, की घरातल्याच कुणीतरी केलेलं आहे, आणि कुणी ते ती हातांवरून सांगते. पाच-सहा हजार बायका तिला बघतात. इस्लामपूर, चाळीसगाव, सफाळे. त्यातल्या पुष्कळशा खाली स्वतःच्या घरातल्या भानगडी लिहितात, आणि प्रियदर्शिनी त्यांनाही उत्तर देते. बहुतेक वेळा उत्तर असतं, ‘जाऊबाईंवर लक्ष ठेवा.’

तर भांडणाचं मूळ असलेला भाग होता ‘रिकामं ताट’. समुद्राकाठचा बंगला. म्हातारी आई रोज संध्याकाळी मेलेल्या नवऱ्याचं ताट वाढते, त्याच्या खुर्चीसमोर ठेवते, दिवा लावायला जाते. परत येते तर ताट रिकामं. वस्तू जागा सोडतात. काठी पलंगाखाली, कुंकवाची डबी विहिरीच्या काठावर. मुलगा म्हणतो आईला भ्रम झालाय. सून घाबरते. शेवटी सुनेला खुर्चीत सासऱ्यांची सावली दिसते आणि ती कोसळते.

“खोटं,” प्रियदर्शिनीनं परीक्षणात सांगितलं होतं. “सून दारात येते तेव्हा पदराला हात पुसते. तीनदा पुसते. जेवणारं भूत आणि ओले हात सुनेचे? मैत्रिणींनो, म्हातारीला वेडं ठरवायचं असेल तर आधी तिच्या वस्तू हलवायच्या. एकदा तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला, की बाकीचं काम तीच करते.”

हे बोलताना तिच्या मनात घरचं काही नव्हतं. निदान तिला तरी तसं वाटत होतं. पण घरात दिवाळीपासून नेमकं तेच चाललं होतं, हे खालच्या हिनाला दिसलं आणि तिला दिसलं नाही, ही गोष्ट तिला भांडणापेक्षा जास्त लागली. सोजराबाईंचा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला होता. जपाची माळ फ्रिजवर. आता डबी पिठात. शिवाय दूध. दोनदा पातेलं जळून काळं झालं, सोजराबाई गॅलरीत उभ्या आणि गॅसवर धूर. रक्तदाबाची सकाळची गोळी एकदा दुपारी पुन्हा घेतली, चक्कर आली, आणि डॉक्टर म्हणाले, वय झालंय, लक्ष ठेवा. त्याच संध्याकाळी सुजितनं कराडच्या धाकट्या भावाला, भाग्येशला, फोन केला.

फार लवकर केला, असं प्रियदर्शिनीला आता वाटायला लागलं.

भाकऱ्यांच्या त्या दिवसानंतर तिनं घरावर नजर ठेवली. कानात इयरफोन घालायचे, काहीच लावायचं नाही, आणि मटार सोलत बसायचं. ही काहीतरी ऐकतेय अशी घरच्यांची समजूत. ती हात बघत होती.

सुजितचे हात तिला आवडले नाहीत. शुक्रवारी पाळीला जाण्याआधी त्यानं आईच्या उशाशी असलेलं मनगटी घड्याळ उचललं, इकडेतिकडे बघितलं आणि खिशात घातलं. घड्याळ भगवंतरावांनी घेऊन दिलेलं, सोनेरी पट्ट्याचं. सोजराबाई ते फक्त आंघोळीच्या वेळी काढत. डबी, चष्मा, माळ, आता घड्याळ. माणूस चोवीस वर्षं शेजारी झोपतो आणि त्याला आई नकोशी झाली की असा चोरासारखा वागतो.

संध्याकाळी तो आला तेव्हा ती दारातच उभी होती.

“घड्याळ कुठंय?”

“कुठलं?” मग त्यानं खिशातून काढलं. “सेल बदलून आणला. आई म्हणते घड्याळ बिघडलंय, बरोबर वेळ दाखवत नाही. दुकानदार म्हणाला सेल चांगला होता. मी उगाच बदलला.” तो तिच्याकडे बघत राहिला. “तू माझी झडती घेतेयस का, प्रिया?”

“मी विचारलं फक्त.”

“तू विचारतेस ना, तेव्हा माणसाला आपण काहीतरी केलंय असं वाटायला लागतं.” तो चपला काढत म्हणाला. “हे बघ, मलाही आईला पाठवायचं नाही. पण मी पाळीवर, तू त्या फोनसमोर, कीर्ती कॉलेजात. उद्या घर पेटलं तर?”

घर खरंच पेटू शकत होतं.

म्हणजे सुजित नाही. मग हिना? हिना वर येते, पण स्वयंपाकघरात येत नाही. राहिल्या सोजराबाई. स्वतःच वस्तू लपवून स्वतःच आरडाओरडा करत असतील तर? कराडला जायचं नाही म्हणून? पण मग जायची वेळ येईल असं कशाला करतील? वेड लागलेल्या माणसाला असा हिशेब जमत नाही, आणि हिशेब जमत असेल तर वेड नाही. प्रियदर्शिनी या विचारापाशी येऊन अडकली, आणि अडकली की ती जे करायची तेच तिनं केलं. वाहिनी उघडून बायकांचे अभिप्राय वाचायला बसली.

‘रिकामं ताट’खाली चाळीसगावच्या एका बाईनं लिहिलं होतं, ‘ताई, तुमच्या पाठीमागे बघा. गॅलरीत कोण उभं आहे? मला तर घामच फुटला. तुमच्याच घरात भूत आहे.’ त्याखाली हसणारे चेहरे.

प्रियदर्शिनीनं आपलाच व्हिडिओ लावला. तिच्या डोक्यामागून, स्वयंपाकघराच्या दारापलीकडच्या गॅलरीत एक पाठ दिसत होती. हिरवं लुगडं. सोजराबाई. पण चित्र मधेच कापलेलं होतं. कीर्ती नेहमी कापायची, आईचं खोकणं, कुकरच्या शिट्ट्या, सुरुवातीचं सामान लावणं.

“कीर्ती, ‘रिकामं ताट’चं मूळ चित्रण आहे का गं तुझ्याकडे? न कापलेलं?”

“आहे. का?”

“दे.”

“आई, तू आता स्वतःचं परीक्षण करणार का?” कीर्ती हसली, पण फाईल दिली.

शनिवारी सकाळी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर, सोजराबाई देवाशी बसल्यावर, प्रियदर्शिनीनं ते चित्रण लावलं आणि आवाज बंद केला.

फोन सुरू झाला तेव्हा टेबलाशी कुणी नव्हतं. पाठीमागचा ओटा दिसत होता, नेहमीचा पसारा. चहाची गाळणी, लाटणं, सोजराबाईंची मिश्रीची डबी. मग चौकटीत दोन हात आले. हिरव्या बांगड्या, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. हातांनी गाळणी सिंकमध्ये टाकली. लाटणं फळीवर सरकवलं. बायकांना पसारा दिसता कामा नये, म्हणून. मग डबी उचलली, क्षणभर कुठं ठेवू म्हणून हवेत धरली, आणि हाताशी असलेला डबा उघडून त्यात टाकली. झाकण लावलं. पिठाचा डबा.

प्रियदर्शिनीनं तो तुकडा पुन्हा बघितला. मग फोन पालथा ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं. डाग तिथंच होता.

तिला काहीही आठवत नव्हतं. डबी उचलल्याचं नाही, टाकल्याचं नाही. बोलायच्या आधी ती नेहमी मनात पहिलं वाक्य घोळवत असे, आणि हात ओटा आवरत असत. चष्म्याच्या दिवशी कुठला भाग होता? तिनं वाहिनी उघडली. माळेच्या दिवशी? प्रत्येक खेपेला ती बोलली होती, आणि प्रत्येक खेपेला तिच्या पाठीमागचा ओटा स्वच्छ होता.

तिची पहिली भावना लाजेची नव्हती. पहिली भावना होती, हे कुणी बघितलंय का. ती उठून देवघरात डोकावून आली. सोजराबाई डोळे मिटून माळ ओढत होत्या. ती परत येऊन बसली, आणि तेव्हा कुठं लाज आली.

पण दूध तिनं जाळलं नव्हतं. तिनं चित्रण पुढं चालू केलं.

आता टेबलाशी ती स्वतः बसलेली, तोंड हलतंय, बोटं हवेत. तिच्या पाठीमागून सोजराबाई येतात. गॅसवर दुधाचं पातेलं ठेवतात, आच अगदी बारीक करतात. मनगट वर करून घड्याळाकडे बघतात. मग गॅलरीत जातात. दांडीला धरून उभ्या राहतात. मान उजवीकडे वळवतात, कंपन्यांच्या दिशेला, आणि तशाच थांबतात. पुन्हा घड्याळ. पुन्हा तीच मान. पदर कानामागं घेतात. बराच वेळ काही होत नाही. पातेल्यातून वाफ येते, मग फेस, मग धूर, आणि टेबलाशी बसलेली बाई मालिकेतल्या सुनेचे हात ओले कसे हे सांगत राहते.

सोजराबाई काहीतरी ऐकायला थांबल्या होत्या. आवाज बंद होता म्हणून दिसलं. आवाज चालू असता तर प्रियदर्शिनीनं स्वतःचंच ऐकलं असतं.

काय ऐकायला, ते मात्र तिला कळेना. सासऱ्यांची हाक? तिच्या अंगावर खरोखर काटा आला, आणि तेवढ्यात दारात पाटी आपटली.

“बाय, बोंबील हायत. ओले. कल्ला बघायला नाय मिळणार, आदीच सांगते.”

जमना नवापूरची. नवरा कमलाकांत बोटीवर जातो, ही आठवड्यातून दोनदा बोईसरच्या इमारती करते. प्रियदर्शिनी ताट घेऊन दारात बसली. बोंबील बघितलेच नाहीत. जमनानं मान तिरकी केली.

“काय गो? ताप हाय का?”

“जमनामावशी, आमच्या आई गॅलरीत उभ्या असतात. तुम्ही खालून येता तेव्हा कधी बोलतात का?”

“रोज बोलतात. इचारतात, भोंगा झाला का गो जमने? मी बोलते, मावशे, आता कुठला भोंगा? कंपनीनं बंद नाय का केला गेल्या पावसाळ्यापासून? हजेरीला बोटं लावायची मशीन आणली, आता भोंगा कोनाला पायजे. वारा असला का आमच्या नवापूरपर्यंत यायचा त्यो. मंग ती गप होते. आनि पुडल्या खेपेला परत इचारते.” जमनानं बोंबील ताटात टाकले. “म्हातारी मानसं. माझी सासू मेलेल्या बकरीला हाक मारायची.”

प्रियदर्शिनी ताट घेऊन आत आली आणि ओट्याशी उभी राहिली.

भोंगा. नाक्यापलीकडच्या कंपनीचा. तो कधी बंद झाला हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. सुजित आता दुसऱ्या कंपनीत, फोनच्या गजरावर उठतो. कीर्ती पंखा आणि इयरफोन लावून झोपते. तिनं स्वतः तो शेवटचा कधी ऐकला? पण लग्न होऊन आली तेव्हा हे घर त्या भोंग्यावर चालायचं. पाळी भरायच्या पाव तास आधी पहिला भोंगा, पाळीला दुसरा. पहिल्याला सोजराबाई दूध ठेवायच्या, दुसऱ्याला उतरवायच्या. दुसरा झाला की गोळी. दुपारचा झाला की सासऱ्यांसाठी चहाचं आधण. “पहिला भोंगा झाला, ऊठ.” “दुसऱ्या भोंग्याला आला नाही म्हणजे थांबवलं असंल कामाला.” चोवीस वर्षांत या बाईच्या तोंडून कधी ‘साडेसहा’ किंवा ‘पावणेतीन’ असा शब्द ऐकल्याचं तिला आठवेना. ती आठवायचा प्रयत्न करत राहिली. एकदाही नाही.

आणि घड्याळ तर रोज मनगटावर. पण ते वाचता येत होतं का?

तिला खात्री करून घेतल्याशिवाय राहवलं नाही. हा तिचा वाईट भाग होता आणि तिला तो माहीत होता. दुपारी सोजराबाई आडव्या व्हायच्या तयारीत होत्या. ती दारात गेली.

“आई, किती वाजले हो? माझा फोन आत राहिलाय.”

सोजराबाईंनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. नीट बघितलं. काटा अडीचच्या पुढं होता, तिला दारातून दिसत होता. मग सोजराबाईंनी मान गॅलरीकडे वळवली, अगदी थोडी, आणि परत आणली.

“वाजलं की,” त्या म्हणाल्या. “ह्या घड्याळाचं काय खरं न्हाई. सुजितला म्हणलं मी. आन तुझा फोन तुझ्या हातात हाय.”

फोन खरंच तिच्या हातात होता.

सोजराबाईंच्या नजरेत तिला भीती दिसली. वेड्याची नव्हे. चोरी पकडली जाईल की काय, अशी.

“काय बघतीस?”

“काही नाही. पडा तुम्ही.”

रविवारी भाग्येश सकाळीच आला. कराडला त्याचं खतांचं दुकान आहे आणि तो कुठल्याही घरात शिरला की पंख्याचं बटण स्वतः दाबतो. सोजराबाईंची पिशवी दाराशी बांधून ठेवलेली होती. सुजितनंच भरली होती. त्या पलंगावर पाय लोंबकळत सोडून बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून. कराडच्या माणसानं आपल्याला जुन्यात न्यावं हे त्यांना पसंत नव्हतं. पण तोंडानं एक अक्षर नाही. त्यांची बोलती घरात पहिल्यांदाच बंद झाली होती आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं.

“वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” भाग्येश चहा पीत म्हणाला. “चष्मा तांदळात, डबी पिठात. असं झालं की माणसाला एकटं ठेवायचं नसतं. आमच्याकडे खाली दुकान, वर घर. वरच्या खोलीत राहील. खाली उतरायचं काम नाही.”

“म्हणजे कोंडून?” कीर्ती म्हणाली.

“तू गप.”

“भावजी, निघायच्या आधी एक बघा,” प्रियदर्शिनी म्हणाली. तिनं फोन टीव्हीला जोडला. “सगळ्यांनी बघा. आई, तुम्हीही या.”

“मला न्हाई बघायचं तुझं भूत.”

“या तर खरं.”

सोजराबाई आल्या नाहीत, पण पलंगावरच्या पलंगावर वळल्या. टीव्हीवर ओटा आला. आवाज नव्हता. दोन हात आले, हिरव्या बांगड्या, भाजल्याचा डाग. गाळणी, लाटणं, डबी. हवेत थांबलेली डबी. पिठाचा डबा. झाकण.

भाग्येशनं चहाचा कप खाली ठेवला.

“हा तुझा हात आहे,” सुजित म्हणाला. हे विचारणं नव्हतं.

“माझाच. चष्मा आणि माळही मीच ठेवली असणार. व्हिडिओच्या आधी मी ओटा आवरते. कुठं काय ठेवते, मला कळत नाही.”

“मी म्हणत हुते न्हवं!” सोजराबाई पलंगावरून उतरल्या. आवाज परत आला होता. “म्हणत हुते का न्हाई? आन हा मला येडी ठरवून गाडीत घालाय निघाला. सुजित, तोंड वर कर. वर कर म्हणते.”

सुजितनं तोंड वर केलं नाही. टीव्हीवर चित्रण पुढं सरकलं होतं. टेबलाशी प्रियदर्शिनी येऊन बसली होती, तिच्या पाठीमागं हिरव्या लुगड्याचा काठ दारात दिसायला लागला होता, हातात पातेलं. प्रियदर्शिनीनं तारेचं टोक ओढलं. पडदा काळा झाला.

“पुढं काय होतं?” भाग्येशनं विचारलं.

“काही नाही. मी बडबडतेय.”

“बरं, वस्तूंचं झालं. पण वहिनी, दूध? गोळी? ती काही तुम्ही डब्यात नाही टाकली. दादा म्हणाला, पातेलं जळत होतं आणि आई गॅलरीत उभी होती. ते कशानं?”

“ते मला कळलंय.”

“कशानं?”

“सांगणार नाही.”

“वहिनी, असं कसं? दादा म्हणाला, कालपर्यंत तुम्हीच घरात सगळ्यांवर संशय घेत होता, आज...”

“काल घेत होते.”

सोजराबाईंचा आवाज पुन्हा गेला. त्यांचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला आणि घड्याळ झाकून तिथंच राहिला. त्या सुनेकडे बघत होत्या, डोळे बारीक करून, जशी प्रियदर्शिनी पापलेटच्या कल्ल्याकडे बघते तशा. हिला काय माहीत आहे, किती माहीत आहे, आणि आता चौघांच्यात ती काय बोलणार. प्रियदर्शिनीला ती नजर अंगावर जाणवत होती. तिनं ती परतवली नाही.

“कीर्ती, तुला काल जे सांगितलं ते झालं का?”

“झालं. गॅलरीतल्या स्पीकरला जोडलंय. पण आई, खालचे बोंब मारतील. हिनामावशी तर...”

“मारू दे.”

“काय जोडलंय?” सुजितनं वैतागून विचारलं. “या घरात मला कुणी काही सांगणार आहे का?”

प्रियदर्शिनी दाराशी गेली. बांधलेली पिशवी उचलली, सोजराबाईंच्या पलंगाखाली सरकवली, आणि सरळ उभी राहून, कुणा एकाकडे न बघता, म्हणाली,

“आई कुठंही जाणार नाहीत. भावजी, बोंबील केलेत, जेवून निघा. आणि उद्यापासून या घरात भोंगा वाजणार, पाळीच्या वेळेला, पहिला आणि दुसरा, दोन्ही. त्याशिवाय मला वेळ कळत नाही. कुणीही बंद करायचा नाही.”